दहा इंची चाकांचा माणूस

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुतण्याने जुनी मारुती ८०० घेतली आणि हरसूलच्या आमच्या अंगणात आणून उभी केली. गाडी पाहून मी चाटच पडलो. आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापून ती इतकी खाली बसवली होती की कोंबडीलाही खालून जाताना मान वाकवावी लागावी. आता पुतण्याला टायरही रुंद हवे होते. १४५चे काढून १६५चे घालायचे. टायर रुंद म्हणजे पकड जास्त, हे त्याचे गणित. पण याच गाडीतून माझ्या वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, दर पंधरा दिवसांनी वाघेऱ्याच्या घाटातून नाशिकला दवाखान्यात न्यायचे होते. म्हणून मीही त्या गणितात डोके घातले, आणि एका जुन्या माणसापाशी जाऊन पोचलो. त्याचे नाव अ‍ॅलेक इसिगोनिस.

आजचे तुर्कस्तानातले इझमीर म्हणजे तेव्हाचे स्मर्ना. तिथे १९०६ साली हा जन्मला. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. १९२२ मध्ये युद्धाने शहर होरपळले. ब्रिटिश जहाजाने हे कुटुंब माल्टाला नेले, तिथे वडील गेले, आणि पुढच्या वर्षी मायलेक इंग्लंडला लागले. इंजिनिअरिंगच्या शिक्षणात हा पठ्ठ्या गणितात तीनदा नापास झाला! (आमच्या घरात हे वाक्य मोठ्याने वाचायची सोय नाही.) पण हात विलक्षण. हाती लागेल त्या कागदाच्या कपट्यावर गाडीचा सांगाडा असा उतरवायचा की कारागिराने तो पाहून काम सुरू करावे. लग्न केले नाही, आईबरोबरच राहिला.

१९४८ची मॉरिस मायनर ही त्याची पहिली मोठी गाडी. ती बाजारात यायच्या थोडे आधी नमुना त्याला अरुंद वाटला. त्याने तो मधोमध उभा कापायला लावला, दोन्ही भाग चार इंच दूर सरकवून पाहिले, आणि तीच रुंदी कायम केली. रुंदीचा हट्ट त्यालाही होताच, पण पुतण्याच्या जातीचा नव्हे.

१९५६ साली सुवेझ कालव्याच्या तंट्यात इंग्लंडमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. लहान, काटकसरी गाडी हवी असे मालकांनी सांगितले आणि इसिगोनिसने मिनी काढली. लांबी जेमतेम दहा फूट, माणसे चार. इंजिन आडवे ठेवले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. मोठ्या चाकांच्या कमानी बसायची जागा खातात, म्हणून टायर कंपनीकडून मुद्दाम दहा इंची चाकांचे टायर करून घेतले. त्यांची रुंदी ५.२० इंच, म्हणजे साधारण १३२ मिलिमीटर.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी लोकांपुढे आली, आणि पावसाने तिची परीक्षा घेतली. तळाच्या पत्र्याचा जोड उलट्या बाजूने चढवलेला, त्यामुळे चाकांनी उडवलेले पाणी आत शिरून पायाशी तळे साचे. शिवाय ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर ऐन समोरच्या जाळीमागे. तो भिजला की गाडी बंद. हरसूलला आषाढात तिचे काय झाले असते ते सांगायला नको. दोष पुढे दुरुस्त झाले, आणि त्याच चिमुकल्या चाकांवर तिने १९६४, १९६५ आणि १९६७ची माँटे कार्लो रॅली जिंकली.

आता आमच्या गाडीचे. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा भार, सगळे पुढच्याच दोन टायरांवर. टायर जमिनीला किती टेकतो हे मुख्यतः वजन आणि हवेचा दाब ठरवतात. रुंदी वाढवली की टेकण्याचा ठसा रुंद होतो, पण लांबीला आखडतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा आहे, नाही असे नाही. पण साचलेल्या पाण्यात अरुंद टायर पाणी कापत जातो आणि रुंद टायर त्यावर तरंगू लागतो. वर १६५च्या टायरला रिमही रुंद हवी. ती बाहेर आली की स्टिअरिंग जड होते, बेअरिंगवर ताण येतो. आणि स्प्रिंगा कापलेल्या, चौघे बसलेले, घाटातले वळण... टायर मडगार्डला घासणारच.

एक योगायोग मात्र मला फार आवडला. १९८४ साली मिनीला बारा इंची चाके मिळाली आणि टायर आला १४५/७० आर १२, म्हणजे नेमका मारुती ८००चाच! इसिगोनिस तेव्हा निवृत्त होता, आजारी होता. १९८८ साली तो गेला. मिनी २०००पर्यंत निघत राहिली.

पुतण्याला मी हे सांगितले. त्याने अर्धेच ऐकले, पण गॅरेजमध्ये कागद-पेन्सिल घेऊन बसला. १४५/७०च्या चाकाची उंची ५०८ मिलिमीटर, १५५/६५ची ५०६. म्हणजे दहा मिलिमीटर रुंदी वाढूनही चाक तेवढेच राहते. हाच टायर टाटांनी नॅनोच्या मागच्या चाकांना दिला होता, कारण तिचे इंजिन मागे. पुढे दिला १३५चा. पुतण्याचा हट्ट तिथे येऊन थांबला. कापलेल्या स्प्रिंगा काढून मूळ उंचीच्या घातल्या, १५५चे चार नवे टायर चढवले.

पहिल्या मुसळधार पावसात घाट उतरताना वहिनी पुढे बसल्या होत्या. घासण्याचा आवाज आला नाही. गिरणारे येईपर्यंत त्या झोपल्याही होत्या, आणि मी मागच्या सीटवर पायाखाली हात घालून पाहत होतो, पाणी आले का ते.