बंद दाराआडचा सामना : जॉन मॅकलेंडन

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा खेळ प्रथम खेळवला. त्या वेळी त्यांनी तेरा नियम लिहून काढले होते. कोणी खेळावे आणि कोणी खेळू नये, याविषयी त्या तेरा नियमांत एक अक्षरही नव्हते. तो नियम समाजाने मागाहून जोडला. या न लिहिलेल्या नियमाशी उभा जन्म झुंजलेला माणूस म्हणजे नेस्मिथ यांचाच एक विद्यार्थी, जॉन मॅकलेंडन.

मी गेली तीन वर्षे आपल्या महाविद्यालयाच्या संघातून खेळतो. चेंडू हाती येताच क्षणाचाही विलंब न लावता समोरच्या टोपलीकडे धाव घ्यायची, म्हणजे ज्याला आपण फास्ट ब्रेक म्हणतो, ती युक्ती आमच्या जिमखान्याच्या सरांनी आमच्याकडून अक्षरशः घोटून घेतली. ही धावती पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने बसवणाऱ्या पहिल्या काही प्रशिक्षकांत मॅकलेंडन यांचे नाव येते, हे मला पुष्कळ उशिरा वाचनात आढळले. तेव्हापासून या माणसाविषयी आपल्या वार्षिकात लिहावे असे मनात होते.

मॅकलेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायवाथा या गावी झाला. वडील कृष्णवर्णीय, आईच्या अंगी तेथील मूळच्या डेलावेअर जमातीचे रक्त. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली आणि लहानग्या जॉनचे बालपण नातेवाइकांच्या आधाराने गेले. शाळेत बास्केटबॉलचे मैदान तयार होताना त्याने पाहिले आणि आपण या खेळाचे प्रशिक्षक व्हायचे, असे त्या वयातच ठरवून टाकले.

१९३३ साली तो कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. खुद्द नेस्मिथ तेथे प्राध्यापक होते. पण विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला स्थान नव्हते. ज्याने खेळ शोधला त्याच्या पायाशी बसून खेळ शिकायचा, पण त्याच विद्यापीठाचा गणवेश मात्र अंगावर चढवायचा नाही, अशी ती विचित्र अवस्था होती. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे आवश्यक होते. मॅकलेंडन तलावात उतरले, तर ते बाहेर आल्यावर तलावातले सगळे पाणी सोडून देण्यात आले. हे वाचताना आपल्याला महाडची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी त्या तळ्याची शुद्धी केली होती. अवघ्या काही वर्षांच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना पाण्याला एकच रोग जडलेला दिसतो. नेस्मिथ मात्र आपल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि अखेर तो तलाव सर्वांना खुला झाला. १९३६ साली मॅकलेंडन त्या विद्यापीठाचे शारीरिक शिक्षणातील पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले.

पुढे आयोवा विद्यापीठाची एम. ए. घेऊन ते डरॅम शहरातील नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज या महाविद्यालयात आले आणि थोड्याच वर्षांत संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. चेंडूसाठी मैदानाच्या कानाकोपऱ्यात झुंजले पाहिजे, ही नेस्मिथ यांची शिकवण त्यांनी उचलली. आपला संघ त्यांनी इतका पळवला की प्रतिस्पर्ध्याचा श्वास उत्तरार्धातच संपून जाई.

आता १९४३-४४ च्या मोसमाकडे वळू. महायुद्ध ऐन भरात होते. महाविद्यालयांतली तरुण मुले सैन्यात जात होती, पेट्रोल आणि टायर शिधापत्रिकेवर मिळत होते, दूरचा प्रवास म्हणजे एक दिव्यच होते. अशा काळात मोजक्या खेळाडूंनिशी मॅकलेंडन यांनी संघ उभा केला. हेन्‍री थॉमस, ऑब्री स्टॅन्ली अशी त्यातली मुले. सबंध मोसमात त्यांचा केवळ एक पराभव झाला. तथापि राष्ट्रीय स्पर्धांची दारे कृष्णवर्णीय महाविद्यालयांना बंद होती. आपण खरोखर किती चांगले आहोत, हे अजमावून पाहण्याचा मार्गच या मुलांना नव्हता.

त्याच शहरात ड्यूक विद्यापीठ होते. तेथील वैद्यकीय शाखेत युद्धकालीन लष्करी योजनेखाली शिकणारे अनेक विद्यार्थी होते. त्यांपैकी काही जण पूर्वी नामांकित महाविद्यालयांच्या संघांतून खेळलेले. त्यांचा संघ भलताच बलवान समजला जाई. दोन्ही संस्थांतले काही विद्यार्थी वाय. एम. सी. ए. च्या निमित्ताने गुपचूप एकमेकांना भेटत असत. अशाच एका बैठकीत कोणाचा संघ श्रेष्ठ हा विषय निघाला आणि त्यातून आव्हान दिले गेले.

आव्हान देणे सोपे, सामना खेळणे कठीण होते. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळण्यास त्या शहरात कायद्याचा व रूढीचा कडक विरोध होता. बातमी फुटली असती तर मॅकलेंडन यांची नोकरी गेली असतीच, पण मुलांच्या जिवालाही धोका होता. मॅकलेंडन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनी विचार केला आणि होकार दिला.

दिवस ठरला १२ मार्च १९४४, रविवार. वेळ सकाळी अकराची, कारण त्या वेळी गावातले बहुतेक लोक, पोलीससुद्धा, चर्चमध्ये असत. ड्यूकचे खेळाडू मागून आणलेल्या मोटारींतून आडवळणाने आले आणि डोक्यावरून कोट ओढून झटपट आत शिरले. मॅकलेंडन यांनी व्यायामशाळेचे दार आतून बंद केले. प्रेक्षक कोणी नाही. एक पंच आणि एक घड्याळ, एवढाच सरंजाम. तरीही आवाजाने सावध झालेली काही मुले खिडक्यांना लटकून आत डोकावू लागली.

पहिली काही मिनिटे दोन्ही बाजूंचे हात थरथरत होते. साधे पास हातांतून निसटत होते, नेम चुकत होते. एकमेकांच्या अंगाला अंग लागणे हाच दोघांनाही नवा अनुभव होता. मग हळूहळू भीड चेपली आणि मॅकलेंडन यांच्या मुलांनी धावायला सुरुवात केली. गोरे खेळाडू कोणी अतिमानव नाहीत, त्यांनाही हरवता येते, ही गोष्ट ऑब्री स्टॅन्लीला त्या सकाळी प्रथम उमजली. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते ८८-४४. बरोबर दुप्पट!

मला मात्र या विजयाहून त्यापुढची गोष्ट मोठी वाटते. थोड्या विश्रांतीनंतर त्यांनी आणखी एक सामना खेळला आणि या वेळी संघ मिसळून घेतले. काळे-गोरे एकाच बाजूला, एकमेकांना पास देत खेळले. नंतर वसतिगृहात बसून गप्पा झाल्या आणि पाहुणे आले तसेच निघून गेले. एका स्थानिक वार्ताहराला कुणकुण लागली होती, परंतु त्याने बातमी छापली नाही. ही हकीकत पन्नासहून अधिक वर्षे झाकलेली राहिली. १९९६ साली इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी ती प्रथम जगापुढे आणली.

ही भीती अनाठायी नव्हती. त्याच वर्षी ८ जुलै रोजी डरॅममध्येच बुकर स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाने बसमध्ये मागे जाऊन बसण्यावरून वाद केला, तेव्हा बसचालकाने त्याला गोळ्या घालून ठार केले. ज्यूरीने चालकाला निर्दोष सोडले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १० जुलैला, आपल्या बेळगावात ज्या पलटणीचे केंद्र आहे त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत धारातीर्थी पडले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. दोघेही एकाच दोस्त आघाडीचे शिपाई होते. एकाला मरण शत्रूकडून आले, दुसऱ्याला आपल्याच माणसाकडून.

मॅकलेंडन यांनी नंतर दार उघडेच ठेवण्याचा ध्यास घेतला. १९४६ साली कृष्णवर्णीय महाविद्यालयांची सी. आय. ए. ए. स्पर्धा वॉशिंग्टन येथे सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि ती पहिली स्पर्धा त्यांच्याच संघाने जिंकली. टेनेसी ए. अँड आय. या महाविद्यालयाला त्यांनी १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे एन. ए. आय. ए. चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. १९६६ मध्ये ते क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. गोऱ्यांचे बहुमत असलेल्या विद्यापीठात असा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. नेस्मिथ यांच्या नावाने असलेल्या हॉल ऑफ फेममध्ये १९७९ साली खेळाची सेवा केल्याबद्दल आणि २०१६ साली, मरणोत्तर, प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडेही ही कथा परकी नाही. धारवाडला जन्मलेल्या पाळवणकर बाळूंनी पुण्याच्या हिंदू संघासाठी गडी बाद करावेत आणि चहा मात्र बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून प्यावा, हे आपल्याच खेळाच्या इतिहासात घडले आहे. आमच्या संघात आज निम्मे मराठी व निम्मे कानडी आहेत. एक जण ‘पास दे’ ओरडतो, दुसरा ‘पास कोडो’ ओरडतो आणि चेंडू दोघांकडेही पोचतो. आम्हाला हे फार साधे वाटते. पण एवढ्या साध्या गोष्टीसाठी डरॅमच्या त्या मुलांना दाराला आतून कडी लावावी लागली होती, हे मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. दार उघडे ठेवून खेळता येणे ही आपोआप मिळालेली गोष्ट नव्हे. ती कोणीतरी आपल्यासाठी मिळवलेली आहे.