बी आले कुठून, हे विचारणारे आघारकर

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळ डोकावतो, तो कुणी लावलेला नसतो. पक्ष्याने पिंपळाचे फळ खाल्लेले असते, त्याच्या विष्ठेतून मोहरीहूनही बारीक बी विटांच्या फटीत पडते आणि पुढच्या पावसाळ्यात तांबूस पाने बाहेर येतात. घरमालक ते उपटतो. वर्षभराने ते पुन्हा हजर असते, कारण मूळ आत राहिलेले असते. याच पेठेतून मुठा ओलांडून डेक्कनमार्गे लॉ कॉलेज रस्त्याकडे गेले, की आघारकर संशोधन संस्था लागते. जिच्या नावाने ती ओळखली जाते, त्या व्यक्तीने बी कुठून येते, कसे येते आणि तिथेच का रुजते, या प्रश्नांमागे आयुष्याची बरीच वर्षे घालवली.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणचा. मॅट्रिक धारवाडहून, पुढचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आणि तिथेच जीवशास्त्राचे अध्यापन. सुट्टी मिळाली की ते सह्याद्रीत हिंडत. १९११मध्ये साताऱ्याकडच्या नदीच्या गोड्या पाण्यात त्यांना जेलिफिश सापडले. जेलिफिश हा समुद्रातला प्राणी. गोड्या पाण्यात राहणाऱ्या या जातीचे जवळचे भाऊबंद तोवर फक्त आफ्रिकेतून ठाऊक होते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. मग प्रश्न आलाच : आफ्रिकेतल्या तळ्यांत राहणाऱ्या जिवाचा भाऊबंद सह्याद्रीत कसा? मधे अख्खा समुद्र आहे. आघारकर पुढे वनस्पतींकडे वळले, पण हा प्रश्न त्यांनी सोडलेला दिसत नाही.

कोलकाता विद्यापीठाला सर रासबिहारी घोष यांनी दिलेल्या मोठ्या देणगीतून विज्ञानाची काही प्राध्यापकपदे निर्माण झाली. वनस्पतिशास्त्राचे पद आघारकरांना मिळाले. त्यासोबत परदेशात जाऊन संशोधन करण्याची संधीही आली आणि १९१४मध्ये ते जर्मनीत पोहोचले. मुहूर्त याहून वाईट असू शकला नसता. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातला माणूस ब्रिटिशांचा प्रजाजन, म्हणजे जर्मनीच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक. आघारकरांना काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. सुटल्यावर मात्र त्यांनी काम बर्लिनमध्येच पुढे नेले. मार्गदर्शक होते अ‍ॅडॉल्फ एंग्लर, जगातल्या वनस्पतींचे वर्गीकरण मांडणारे त्या काळचे मोठे नाव. १९१९मध्ये आघारकरांना डॉक्टरेट मिळाली.

प्रबंधाचा विषय होता वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या आणि खारट जमिनीवरच्या वनस्पतींची प्रसाराची साधने आणि त्या वनस्पतींचे मूळ. ऐकायला हे अगदी रूक्ष वाटते. पण त्यात काय दडले आहे हे कळायला झाडाच्या आत जरा डोकवावे लागते.

शेवाळाहून वरच्या पायरीवरच्या झाडांना, म्हणजे नेचे, सूचिपर्णी आणि फुलझाडांना नळ्या असतात. जलवाहिन्या मुळातून पाणी वर नेतात, रसवाहिन्या पानात तयार झालेली साखर जिथे हवी तिथे पोहोचवतात. रक्ताभिसरणाशी हे साम्य थोडेच, कारण झाडाला हृदय नाही. जलवाहिन्यांच्या पेशी तर पूर्ण वाढल्यावर मरून जातात आणि मेल्यावरच नळी म्हणून उपयोगी पडतात. पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ बाहेर जाते, तिच्या ओढीने पाण्याचा अखंड धागा शेंड्यापर्यंत खेचला जातो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की ही ओढ इतकी ताणली जाते की धागा तुटतो आणि नळीत हवेचा बुडबुडा अडकतो. रक्तवाहिनीत हवा अडकली तर डॉक्टर त्याला एम्बोलिझम म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञही हाच शब्द वापरतात. माणूस त्याने दगावू शकतो. झाडाकडे शेजारच्या नळ्या असतात, म्हणून ते बहुधा निभावून नेते, पण बऱ्याच नळ्या बंद पडल्या तर फांदी वाळते.

वाळवंटातल्या झाडाचे रूप म्हणजे हा धागा तुटू न देण्याची तजवीज. नेपतीने पाने जवळजवळ टाकूनच दिली आणि हिरव्या फांद्यांवर कारभार सोपवला. कुणी पानावर मेणाचा जाड थर चढवला, कुणी रंध्रे खोल खड्ड्यात नेली. खाऱ्या जमिनीतल्या झाडांचे दुखणे आणखी वेगळे. समुद्राचे पाणी प्यायलेल्या माणसाची तहान वाढते, तसेच मुळाभोवती मीठ जास्त असले की पाणी समोर असून आत येत नाही. म्हणून ही झाडे मीठ स्वतःच्याच पेशीत साठवतात आणि मातीतले पाणी ओढून घेतात. त्यांची पाने जाड, रसाळ होतात ती यामुळे.

ही रचना झाड तिथे तगते कसे, ते सांगते. ते तिथे आले कसे, ते फळ आणि बी सांगते. रुईच्या बीला रेशमी झुबका असतो, ते वाऱ्यावर जाते. सराट्याचे फळ काटेरी, ते जनावराच्या खुरात आणि चपलेच्या तळात रुतून जाते. पिलूची रसाळ फळे पक्षी नेतात, खेजडीच्या शेंगा शेळ्या-उंट खातात. आपल्याकडे गौरी-गणपतीच्या पत्रीत आघाडा असतो. तो आणायला गेलेल्याच्या साडीला किंवा लेंग्याला जे चिकटते, ते त्याचे बी पसरण्याचे साधनच. राजस्थान-सिंधकडची कित्येक झाडे इराण, अरबस्तान ओलांडून पार उत्तर आफ्रिकेपर्यंत आढळतात. यातली वाऱ्याने किती आली, पक्ष्यांनी किती, काफिल्यांच्या जनावरांनी किती, हे शोधायचे तर प्रत्येक फळ हातात घेऊन तपासावे लागते. कारकुनी चिकाटीचे हे काम. ज्याला पटकन नाव कमवायचे आहे, त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

१९२०मध्ये आघारकर कोलकात्याला परतले आणि १९४६पर्यंत वनस्पतिशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला. इंडियन सायन्स काँग्रेसच्या सचिवपदाची जबाबदारीही काही वर्षे पेलली. पण सामान्य माणसाच्या आरोग्याशी थेट नाते सांगणारे त्यांचे काम याहून वेगळे आहे. बंगाल तेव्हा जलपर्णीने बेजार झाला होता. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या मोहापायी बागांत आणली गेली आणि तिथून खाली, बिळे आणि भातखाचरांत शिरली. होड्या अडल्या, शेते गेली. बंगाली लोक तिला जर्मन पाना म्हणू लागले, बिचाऱ्या जर्मनांचा तिच्याशी काही संबंध नसताना! १९२१मध्ये सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणी म्हणे यंत्राने काढा, कुणी म्हणे औषध फवारा.

आघारकरांनी हाती घेतलेला प्रश्न त्याच्या आधीचा होता : ही वनस्पती वाढते कशी? जलपर्णीला आडवे धुमारे फुटतात, धुमाऱ्याच्या टोकाला नवे रोप. अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत संख्या दुप्पट होते. ती फक्त अशीच वाढत असेल, तर रोपे काढली की काम संपले. पण तिला बीही धरत असेल, तर तळे साफ करून उपयोग काय, बी गाळात तसेच राहणार. आघारकर आणि त्यांचे सहकारी बॅनर्जी यांनी जलपर्णीचे परागीभवन आणि बीजधारणा यांचा अभ्यास करून तो १९३०मध्ये प्रसिद्ध केला. आज आपल्याला माहीत आहे, की फुले मिटल्यावर तिचा दांडा वळून पाण्याकडे झुकतो, बोंड तिथेच पिकते आणि बी तळाशी जाते. हे बी गाळात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. जानेवारीत काढलेली जलपर्णी पुढच्या वर्षी परत का येते, याचे अर्धे उत्तर यात आहे. उरलेले अर्धे उत्तर नदीत सोडलेल्या सांडपाण्यात आहे, तेच तिचे खत.

मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांना उन्हाळ्याच्या तोंडाशी डासांचा जो वैताग होतो, त्यालाही जलपर्णीचा हातभार लागतो. तिच्या गचपणात पाणी हलत नाही, डासांच्या अळ्या खाणारे मासे आत शिरत नाहीत आणि घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांना हवी तशी जागा मिळते. हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास याच कुळातला. मॅन्सोनिया नावाच्या दुसऱ्या डासाची चलाखी तर थक्क करणारी आहे. पाण्यातल्या वनस्पतींच्या देठा-मुळांत तरंगण्यासाठी हवेचे कप्पे असतात. या डासाची अळी पाण्याबाहेर श्वास घ्यायला येतच नाही, ती मुळाला भोक पाडून झाडातली हवा घेते. केरळच्या किनारपट्टीत हत्तीरोगाचा एक प्रकार या डासामुळे पसरत असे. तिथे फवारणी करून अळी मरत नाही, पाण्यातली वनस्पतीच काढावी लागते.

निवृत्तीनंतर आघारकर पुण्यात आले. कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकीय व्यावसायिकाने १८७६मध्ये विज्ञानसंशोधनासाठी संस्था काढली होती. तिथेच रामन यांचे नोबेल मिळवणारे संशोधन झाले. तशीच संस्था महाराष्ट्रात असावी म्हणून १९४६मध्ये आघारकरांनी काही विद्वानांना सोबत घेऊन महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली. साठी ओलांडलेल्या माणसाने पुण्यात येऊन अशी संस्था शून्यातून उभी करायची, हे धाडसच. देश स्वतंत्र व्हायचा होता. विज्ञानाला पैसा कोण देणार, हा प्रश्न रोजचा होता. तरी २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत संस्थापक संचालक म्हणून ते तिच्यासाठी झटत राहिले.

१९९२मध्ये संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. संस्थेच्या पत्त्यात गोपाळ गणेश आगरकर रस्ता असेही नाव येते, त्यामुळे ‘सुधारक’कार आगरकर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकर यांची गल्लत अस्सल पुणेकरही बिनदिक्कत करतात. संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात वाळवून कागदावर चिकटवलेली झाडे आहेत, फळाफुलांसह. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पेरणारे शेतकरी बियाण्याच्या पिशवीवर एमएसीएस ११८८ असे नाव वाचतात. ही अक्षरे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आहेत.