जिमी यान्सी : दिवसा मैदान, रात्री पियानो

दोस्तहो, जॉब लागला की गिटार माळ्यावर, हे होस्टेलवर रोज ऐकतो ना? मग शिकागोच्या जिमी यान्सीचं ऐका. लहानपणी हा नाचाच्या कार्यक्रमांतून गावोगाव फिरला. पुढे १९२५ पासून तब्बल २५ वर्षं 'व्हाइट सॉक्स' या बेसबॉल टीमच्या मैदानाची निगा राखली. ब्लूज पियानो वाजवायचा तो घरगुती पार्ट्यांत. त्याचं ऐकून शिकलेले मीड लक्स लुईस आणि आल्बर्ट अमन्स १९३८ मध्ये कार्नेगी हॉल गाजवून आले. गुरूची पहिली रेकॉर्ड मात्र १९३९ ची! तरी नोकरी चालूच. गाणं कोणत्याही पट्टीत असो, शेवट ठरलेला, ई-फ्लॅटवर. जुलै १९५१ मध्ये बायको एस्टेलसोबत शेवटचं रेकॉर्डिंग केलं आणि सप्टेंबरमध्ये तो गेला. तेव्हा मित्रांनो, ऑफर लेटर आलं तरी गिटारला माळा दाखवू नका!