फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मुके सोबती

हातीं कंदील घेऊन जखमी शिपायांमध्यें फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) वाचकांस ठाऊक आहेतच. त्यांचा पहिला रोगी मात्र एका वृद्ध मेंढपाळाचें कुत्रें होतें, असें सांगतात. मुलांच्या दगडानें त्याचा पाय जायबंदी झाला, म्हणून मेंढपाळ त्यास मारणार होता. कुत्र्यावांचून कळप कसा राखावा, हें आमच्या बिलोलीकडील धनगरास विचारावें! बाईंनीं पाय शेकून तें वांचविलें. पुढें अथेन्सहून आणलेलें घुबड त्या खिशांत बाळगीत. १८५४ सालीं युद्धावर निघण्याच्या धांदलींत तें मेलें. १८५९ च्या शुश्रूषेवरील पुस्तकांत, दीर्घकाळच्या रोग्यास लहानसा प्राणी उत्तम सोबती होतो, असें त्यांनीं लिहिलें. आम्हांस हें सांगणें औषधाच्या बाटलीइतकेंच मोलाचें वाटतें. त्यांनींही वर्षानुवर्षें अंथरूण धरलें, तेव्हां मांजरें उशाशीं असत, आणि त्यांच्या पत्रांवर पंजांचे डाग पडत.