राजा रविवर्मा आणि छापील रंग

जुन्या घराच्या माजघरात कमळावर उभी असलेली लक्ष्मी किंवा वीणाधारी सरस्वती आपण लहानपणापासून पाहत आलो. ही चित्रे राजा रविवर्म्यांची, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु तैलचित्रातला रंग छापील कागदावर उतरविताना या थोर चित्रकाराला किती झीज सोसावी लागली, हे फारसे कोणी सांगत नाही.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. तैलरंगाचे तंत्र त्या काळी दुर्मीळ होते. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा चित्रकार त्रिवेंद्रमच्या दरबारात आला असता, त्याचे काम बघून बघून त्यांनी ते आत्मसात केले. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून ओल्या रंगातच एक छटा दुसरीत विरघळविता येते. रेशमाची चमक आणि गालावरची कांती त्यांना साधली ती यामुळे. नेमकी हीच गोष्ट छपाईला जमत नव्हती.

त्यांच्या चित्रांना मागणी एवढी वाढली की दोन हात पुरेनात. त्रावणकोर व बडोदा संस्थानांचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी चित्रे युरोपात छापून घेण्याचे सुचविले होते. रविवर्म्यांनी त्याही पुढे जाऊन, बंधू राजराजवर्मा यांच्या साथीने, १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात स्वतःचाच छापखाना काढला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे भागीदार होते. यंत्रे जर्मनीची आणि तंत्रज्ञही जर्मन. पहिले चित्र छापले ते शकुंतलेच्या जन्माचे.

शिळाछापाचे काम ज्यांनी एकदा तरी पाहिले असेल त्यांना पुढची अडचण चटकन उमजेल. चित्रकार पॅलेटवर हवी ती छटा कालवतो. येथे तसे कालवणे नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका गालाचा रंग पिवळा, फिका गुलाबी, तांबूस, तपकिरी, करडा असा फोडून निरनिराळ्या दगडांवर वाटून द्यायचा. दगडावर काढायचे ते तेलकट काळ्या शाईने, बारीक ठिपक्यांनी आणि उलटे. म्हणजे कारागिराने काळे ठिपके देताना मनात मात्र गुलाबी रंग पाहायचा! मग तोच कागद जितके रंग तितक्या वेळा यंत्रातून काढायचा. कागद केसभर सरकला की ओठ दुहेरी दिसतात. आणि दमट हवेत कागद फुगतो, तेव्हा मुंबईचा पावसाळा म्हणजे परीक्षाच. शेवटी कॅनव्हासचा पोत उठवून वर व्हार्निश दिले की झाला ओलिओग्राफ. हे व्हार्निशही कालांतराने पिवळे पडते, ते निराळेच.

आणि हे दगड रंगविणारे हात रविवर्म्यांचे नव्हते. सयाजीराव महाराजांसाठी काढलेली त्यांची पौराणिक तैलचित्रे बडोद्यास आहेत. त्यांच्याशेजारी छापील चित्र मनाने ठेवून पाहावे. मूळ चित्रात सावलीतही रंग असतो. छापील चित्रात ती नुसती काळवंडते. लाल रंग भडक होतो. मला स्वतःला ही चित्रे आवडतात, पण ती रविवर्म्यांची अर्धीच, असे वाटते.

हिशेबाची बाजूही चांगली राहिली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, कामगार पांगले. छापखाना आधी घाटकोपरला व नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलविला. कर्ज वाढतच गेले. अखेर नव्या शतकाच्या आरंभीच रविवर्म्यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, चित्रे छापण्याच्या हक्कांसह विकून टाकला. ज्यांच्या नावावर छापखाना चालत होता, त्यांचाच आता त्या रंगांवर अधिकार उरला नाही. याच छापखान्यासाठी पुढे दादासाहेब फाळके यांनीही काम केले.

१९०५ च्या आरंभी राजराजवर्मा गेले. भाऊ आणि सहकारी एकाच वेळी गमावलेले रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे निधन पावले. मळवलीचा छापखाना त्यानंतरही कित्येक वर्षे देवदेवता छापीत राहिला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो जळून गेला.