प्लेगला ओळखणारे डॉ. व्हिएगस

कोल्हापूर संस्थानात प्लेग आला तेव्हा लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत असत. बिद्री परिसरातील अनेकांनी हे आजी-आजोबांकडून ऐकले असेल. त्याआधी ही साथ मुंबईत पसरली होती. तेथे ती प्रथम ओळखली एका गोवेकर ख्रिस्ती डॉक्टरांनी.

डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली ते डॉक्टर झाले. मांडवीच्या दाट वस्तीत त्यांनी दवाखाना थाटला. १८८८ साली ते महानगरपालिकेवर निवडून आले.

सप्टेंबर १८९६. मांडवीत माणसांना जोराचा ताप येई, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि काही दिवसांत मृत्यू ओढवे. हा गाठीचा प्लेग आहे, असे डॉ. व्हिएगस यांनी महानगरपालिकेस स्पष्ट सांगितले. हे सांगणे सोपे नव्हते. प्लेगचे नाव निघताच बंदराचा व्यापार बसणार होता. म्हणून अनेकांना तो नुसता ताप वाटणेच सोयीचे होते. पण डॉक्टर आपल्या निदानापासून हटले नाहीत. तज्ज्ञांनी तपासणी केली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले.

तेव्हा प्लेगवर औषध नव्हते. स्वतःचा जीव धोक्यात घालून ते रोग्यांकडे जात राहिले. वस्त्यांच्या स्वच्छतेसाठी त्यांनी आग्रह धरला. जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० लोकांना स्वतः लस टोचली. १९०६ साली ते महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. मुंबईत धोबीतलाव येथे मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. प्लेग जीवाणूंमुळे होत असल्याने अशा प्रतिजैविकांनी तो बरा होऊ लागला, मात्र उपचार वेळेत हवा. सर्दी, फ्लू यांसारख्या विषाणूंच्या आजारांवर ही औषधे चालत नाहीत. म्हणून दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत, आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धवट सोडू नये.

घरात ताप आला की आपणही तो अंगावर काढतो, शेजाऱ्यांपासून लपवतो. आजाराला वेळीच त्याचे खरे नाव दिले तर जीव वाचतात, हे डॉ. व्हिएगस यांच्या जीवनातून आपण शिकू या.