खडखडणारं इंजिन आणि थॉमस मिजली

आय. सी. इंजिनच्या पुस्तकात नॉकिंगचा धडा असतो. त्यात टेट्राएथिल लेड एका ओळीत येऊन जातं आणि ते शोधणाऱ्याचं नाव बऱ्याचदा येतही नाही. व्हायवाला कोणी विचारत नाही, म्हणून आपणही त्याच्या वाटेला जात नाही. मी मात्र या माणसाच्या मागे लागलो, कारण हा आपल्याच बिरादरीतला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा १९११ सालचा मेकॅनिकल इंजिनीअर, आणि नाव काढलं ते केमिस्ट्रीत! आमच्या केमिकलवाल्या रूममेटला हे सांगितल्यावर तो दोन दिवस गप्प होता.

थॉमस मिजलीचा जन्म १८ मे १८८९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सचा. वडीलही संशोधक वृत्तीचे, टायरच्या धंद्यातले. कॉलेज संपल्यावर थोडी इकडे-तिकडे नोकरी करून १९१६ साली तो ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली आला. केटरिंग म्हणजे मोटारीला सेल्फ स्टार्टर देणारा माणूस. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर आणि बॅटरी इग्निशन बसलं होतं. पण गाडी चढाला लागली की इंजिनातून खडखड यायची आणि लोक बोट दाखवायचे ते केटरिंगच्या इग्निशनकडे. शिवाय शेतघरांना वीज देणारे त्याचे छोटे जनरेटर रॉकेलवर चालवले की फारच ठोके मारायचे. केटरिंगने हे दुखणं मिजलीच्या गळ्यात घातलं.

इथे जरा थांबू या, कारण आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रोज रात्री हीच चर्चा चालते. गाडी आवाज करते म्हणजे नक्की कुठला आवाज? थंड इंजिन उभ्या गाडीवरही हलकं टक-टक करतं आणि रेस वाढवली की टकटक त्याच हिशोबाने वाढते, तर टॅपेट बघावा. सकाळी स्टार्ट केल्यावर खटखट आणि इंजिन तापलं की बंद, तर बहुधा पिस्टन आणि सिलिंडरमधली फट वाढलीये. खालून जड, घणाचे घाव घातल्यासारखी ठक-ठक येत असेल तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. तिथे गाडी बंद करून ढकलत न्यावी, बढाया मारू नयेत. आणि डबलसीट घाट चढताना, टॉप गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, आणि गिअर उतरवला की गेला, तर ते नॉकिंग. हा आवाज कुठल्या सुट्या झालेल्या पार्टचा नाही. तो जळण्याचा आवाज आहे.

हीच गोष्ट मिजलीने सिद्ध केली. त्या वेळी सगळे समजत होते की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं, म्हणून ठोका बसतो. गडी मेकॅनिकलचा असल्यामुळे आधी मोजायला बसला. सिलिंडरला क्वार्ट्झची खिडकी केली, आतल्या ज्वालेचे वेगवान कॅमेऱ्याने फोटो घेतले, दाब नोंदवणारं यंत्र जोडलं. दिसलं ते उलटंच. ठिणगी वेळेवर पडते, ज्वाला नीट पसरायला लागते, आणि मग शेवटी कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम भडकतं. म्हणजे इग्निशन निर्दोष, गुन्हेगार इंधन. (इंग्लंडात हॅरी रिकार्डोही त्याच सुमारास याच रस्त्यावर होता. तोही मोठा माणूस, त्याच्यावर पुढच्या अंकात कोणीतरी लिहा.)

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. अमेरिकेत एक रानझुडूप आहे, बर्फ पुरतं वितळायच्या आधीच फुलणारं. त्याच्या पानांची मागची बाजू लाल. केटरिंग आणि मिजलीने तर्क लढवला की लाल रंग उष्णता शोषतो म्हणून ते लवकर फुलत असेल. मग इंधन लाल केलं तर तेही लवकर वाफ होऊन नीट जळेल. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, आयोडीन होतं. टाकलं. खडखड थांबली! मग खरे लाल रंग आणून टाकले, तर ढिम्म फरक नाही. आणि आयोडीनचं बिनरंगी संयुग टाकलं तर पुन्हा ठोका गायब. थिअरी साफ चुकीची, रिझल्ट बरोबर. आमच्या जर्नलमध्ये असं निघालं असतं तर सरांनी सही दिली नसती.

पण आयोडीन महाग आणि धातू खाणारं. मग सुरू झाली वर्षानुवर्षांची शोधाशोध. अ‍ॅनिलिन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियम काम करायचं, पण त्याचा लसणासारखा दर्प अंगाला असा चिकटायचा की घरचेसुद्धा जवळ येईनात. शेवटी त्यांनी मूलद्रव्यांची आवर्त सारणी समोर ठेवली, कुठल्या गटात खाली गेलं की परिणाम वाढतो ते बघितलं आणि बोट शिशावर आलं. ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड इंजिनात घातलं. हजारात एक भागाहून कमी, आणि इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं.

याचं महत्त्व आज लक्षात येत नाही. त्या काळातल्या साध्या मोटारीचा कॉम्प्रेशन रेशो चाराच्या आसपास असायचा. तो वाढवला की एफिशिएन्सी वाढते, हे आपण दुसऱ्या वर्षीच ऑटो सायकलच्या सूत्रात शिकतो. पण वाढवला की नॉकिंग, म्हणून सगळं अडलं होतं. मिजलीने ते कुलूप उघडलं. नॉकिंग कानाने नाही तर आकड्यात मोजायला त्याने आणि त्याचा सहकारी बॉइड यांनी उडणारी पिन बसवलेलं यंत्र केलं. पुढे १९२६ च्या सुमारास ग्रॅहॅम एडगरने मोजपट्टी दिली: आयसोऑक्टेन म्हणजे १००, नॉर्मल हेप्टेन म्हणजे ०. पंपावरचा ९१ किंवा ९५ आकडा तिथून आला. तो इंधनातली ताकद सांगत नाही. ते किती दाब सोसून शांत राहतं, एवढंच सांगतो. म्हणून ज्याच्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ लिहिलंय त्याने महागडं प्रीमियम भरून पिकअप वाढल्याची कल्पना करून घेऊ नये. त्या पैशात मेसबाहेर दोन दिवस जेवण होतं. पुस्तिकेत ९५ मागितलं असेल तर मात्र कंजुषी नको. आणि योग्य इंधन घालूनही ठोका येत असेल तर पिस्टनवरचा कार्बन, पुढे गेलेलं टायमिंग किंवा गरम होणारं इंजिन तपासावं.

आता कडू भाग. शिसं विष आहे, हे १९२१ साली जगाला माहीत होतं. मिजलीलाही माहीत होतं. दुसरा रस्ताही त्याला माहीत होता: अल्कोहोल. ते मिसळलं की नॉकिंग थांबतं, हे त्याने स्वतः तपासलं होतं. पण अल्कोहोल बरंच घालावं लागतं आणि ते कोणीही गाळू शकतो, त्यावर मक्तेदारी कशी सांगणार? शिशाचे चार थेंब पुरत होते आणि पेटंट हातात होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या पंपावर विक्री सुरू झाली. नाव ठेवलं नुसतं एथिल. शिशाचा उच्चार कुठेच नाही. त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडून हवापालटाला फ्लॉरिडाला गेला होता!

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवेच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार मेले. मरण्याआधी त्यांना भ्रम होत होते, काहींना बांधून ठेवावं लागलं. दुसऱ्या एका कारखान्यात कामगार हवेत नसलेले किडे झटकत बसायचे. बोंब झाली तेव्हा ३० ऑक्टोबरला मिजली पत्रकारांसमोर गेला, त्या द्रवाने हात धुतले आणि मिनिटभर वाफ हुंगून दाखवली. मला हा प्रसंग वाचून खरंच राग आला. ज्याला स्वतःला बाधा झाली होती, त्याने हे करावं? १९२५ मध्ये विक्री थांबली, सरकारी समिती बसली, आणि १९२६ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. ज्याच्या फोटोंनी इग्निशनवरचा खोटा आळ पुसला, तोच माणूस इथे पुरावा बघायला तयार नव्हता.

नंतर त्याने फ्रिजसाठी फ्रिऑन शोधला. १९३० मध्ये तोही छातीत भरून घेऊन मेणबत्तीवर फुंकला आणि ती विझवून दाखवली. ओझोनचं प्रकरण कळायला मात्र १९७४ उजाडलं, तेव्हा तिथे त्याला दोष देणं मला जड जातं. शिशाचं तसं नाही.

१९४० मध्ये त्याला पोलिओ झाला, पाय गेले. पलंगावरून स्वतःला उचलता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो मेला. वय ५५. सरकारी नोंदीत ती आत्महत्या आहे. त्या वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

त्याचं शिसं त्याच्यानंतर अनेक दशकं धुरातून पडत राहिलं. पृथ्वीचं वय मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसनला सगळीकडे शिसं सापडायला लागलं आणि १९६५ पासून त्याने हा विषय लावून धरला. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ ला बंद झालं, भारतभर १ फेब्रुवारी २००० पासून. आमच्या स्टाफपैकी अनेकांना पंपावरची अनलेडेडची पाटी आठवत असेल. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे २०२१ मध्ये साठा संपला. लहान पिस्टन विमानांच्या पेट्रोलमध्ये ते अजूनही आहे.

आणि आज आपल्या टाकीत काय जातं? वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ज्यातलं बरंचसं आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून येतं. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर, लिटरमागे ऊर्जा मात्र पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील त्याला चालतात की नाही, यावर पार्किंगमधली भांडणं सध्या जोरात आहेत.